सोलापूरच्या वाहिनीनंतरचा वीजबाजार

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वीजवाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एका वारंवारतेत, ५० हर्ट्झवर चालू लागलं. त्याआधीही चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीतून दक्षिणेकडे वीज जायची, पण ठरावीक मापानंच.

ग्रिड एक झालं, तरी दर लगेच एक झाला नाही. पॉवर एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात. वीजनिर्माते आणि वितरण कंपन्या उद्याच्या प्रत्येक भागासाठी आजच बोली लावतात. मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात, तो त्या पंधरा मिनिटांचा दर. मात्र एवढी वीज वाहून न्यायला वाहिनीत जागा नसेल, तर बाजार तिथेच दुभंगतो: अलीकडे वीज स्वस्त, पलीकडे महाग. २०१३ नंतरही काही वर्षं दक्षिणेतली राज्यं असा जादा दर मोजत होती. नवी वाहिनी कुठे हवी, हे दरातल्या या फरकाइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

एक्स्चेंजवर नियंत्रण केंद्रीय वीज नियामक आयोगाचं. मार्च २०२२ मध्ये उन्हाळा लवकर तापला, त्यातच युक्रेन युद्धामुळे आयात कोळशाचा भाव भडकला आणि युनिटचा दर २० रुपयांपर्यंत गेला. आयोगानं एप्रिलमध्ये १२ रुपयांची मर्यादा घातली, पुढच्या वर्षी ती १० वर आणली. हे योग्यच झालं. नाहीतर ज्या राज्याची तिजोरी भरलेली, त्यालाच वीज मिळाली असती. पण दर बांधल्यानं वीज वाढत नाही. आयात कोळशावरच्या वीजकेंद्रांना जुन्या करारांच्या दरात वीज देणं परवडेना. शेवटी मे २०२२ मध्ये केंद्र सरकारला वीज कायद्याचं कलम ११ वापरून ती वीजकेंद्रं चालवायला लावावी लागली.

खरी अडचण इथे आहे. एक्स्चेंजचे नियम केंद्रीय आयोग ठरवतो, घरगुती दर राज्याचा आयोग ठरवतो आणि परदेशी कोळशाची किंमत या दोघांच्याही हातात नाही. विजेचा आणि इंधनाचा बाजार एकमेकांत इतका गुंतला असताना नियमन असं तुकड्यांत चालतं, याची मला काळजी वाटते. कारण इंधन महागलं की तो बोजा पुढे ग्राहकावर येतो. महावितरणच्या बिलात तो ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीत दिसतो.