उलेमा आणि मुस्लिम राजकीय नेतृत्व (ब्रिटिश भारत)

ब्रिटिश अमलाखालील भारतात मुस्लिम समाजाचे धार्मिक नेतृत्व करणारे उलेमा (धर्मशास्त्राचे विद्वान) व पीर (सूफी परंपरेतील धर्मगुरू) आणि कायदेमंडळांत, न्यायालयांत व राजकीय पक्षांत वावरणारे, बहुतांशी इंग्रजी शिकलेले मुस्लिम पुढारी यांच्यातील परस्परसंबंध. ‘देवबंद विरुद्ध अलीगढ’, म्हणजे पारंपरिक मदरसा विरुद्ध इंग्रजी शिक्षणाची संस्था, अशी या संबंधांची मांडणी पुष्कळदा केली जाते. परंतु ती अपुरी आहे. या दोन्ही वर्गांना एकमेकांची गरज होती, आणि समाजाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यांच्यातील खरा वाद होता.

या वादाची पार्श्वभूमी वसाहतीच्या कायद्याने तयार केली. कंपनीच्या काळापासून इंग्रजी न्यायालयांत काझी (धर्मकायद्याचे न्यायाधीश) व मुफ्ती (धर्मशास्त्रीय मत देणारे) सल्लागार म्हणून बसत असत. १८६४ मध्ये ही पदे रद्द झाली आणि शरीयतीतील निकाह, तलाक, वारसा यांसंबंधीचे निर्णय इंग्रज न्यायाधीश छापील ग्रंथांच्या व पूर्वीच्या निकालांच्या आधारे देऊ लागले. १८८० च्या कायद्याने काझी नेमण्याची तरतूद पुन्हा झाली, पण त्या काझीला न्यायदानाचा अधिकार नव्हता. राज्यसत्तेतील स्थान गेल्यामुळे उलेमा थेट समाजाकडे वळले. १८६६ मध्ये स्थापन झालेले देवबंदचे दारुल उलूम सरकारी मदतीवर न चालता सामान्य माणसांच्या वर्गणीवर चालले. याउलट सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला सुरू केलेली संस्था सरकारच्या सद्भावनेवर उभी होती. सर सय्यद यांच्या धर्मविचारांविरुद्ध कुफ्रचे (धर्मबाह्यतेचे) फतवे निघाले, तरीही दोन्ही बाजूंचे दळणवळण तुटले नाही. शिबली नोमानी हे पारंपरिक पद्धतीने शिकलेले विद्वान सुमारे सोळा वर्षे अलीगढला अध्यापक होते, आणि पुढे लखनौच्या नदवतुल उलेमा या धर्मशिक्षण संस्थेचे ते प्रमुख आधारस्तंभ झाले. राष्ट्रीय सभेत (काँग्रेसमध्ये) मुसलमानांनी जाऊ नये असे सर सय्यद सांगत असताना देवबंदचे रशीद अहमद गंगोही यांनी १८८८ मध्ये तिच्याशी सहकार्य करण्यास धर्माची आडकाठी नाही, असा निर्वाळा दिला होता.

दोन्ही वर्गांची देवघेव कशी चाले, हे वक्फच्या, म्हणजे धर्मादाय म्हणून कायमची बांधून ठेवलेल्या मालमत्तेच्या, प्रश्नात फार स्पष्ट दिसते, आणि हा प्रसंग मिळायला हवे तितके लक्ष मिळवू शकलेला नाही. १८९४ मध्ये भारतातील खटल्यांचे शेवटचे अपील ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलने स्वतःच्या वंशजांसाठी केलेले वक्फ जवळजवळ निरर्थक ठरवले. शरीयतीचा अर्थ लंडनमधील न्यायाधीशांनी लावावा, हे उलेमांना असह्य होते. मालमत्ता तुकड्यातुकड्यांत वाटली जाणार म्हणून जमीनदार घराणीही धास्तावली. शिबलींनी देशभरच्या उलेमांची मते व सह्या गोळा केल्या. मात्र विधेयक मांडण्यासाठी कायदेमंडळात जागा आणि कायद्याची भाषा जाणणारा माणूस हवा होता. मुंबई इलाख्यातील मुसलमानांचे प्रतिनिधी बॅरिस्टर मोहम्मद अली जीना यांनी १९११ मध्ये ते विधेयक मांडले आणि १९१३ मध्ये त्याचा कायदा झाला. पुढच्या तीस वर्षांत या संबंधांना जे वळण लागले ते ध्यानात घेता, जीनांच्या संसदीय कीर्तीचा पाया मौलवींनी जमवलेल्या सह्यांवर रचला गेला, ही गोष्ट विसरता येत नाही.

१९१३ मध्येच लखनौच्या फिरंगी महल घराण्यातील मौलाना अब्दुल बारी यांनी अंजुमन-ए-खुद्दाम-ए-काबा ही संघटना स्थापन केली आणि शौकत अली व मोहम्मद अली हे बंधू तिच्या कार्यात आले. दोघेही अलीगढचे विद्यार्थी. मोहम्मद अली तर ऑक्सफर्डला शिकून आलेले. या बंधूंनी अब्दुल बारींना पीर मानले आणि त्यामुळे राजकीय सहकार्याला गुरु-शिष्याच्या, म्हणजे पीर-मुरीदीच्या, नात्याची जोड मिळाली. पहिल्या महायुद्धानंतर तुर्की सुलतानाच्या खिलाफतीचा (मुसलमानांचा प्रमुख म्हणून असलेल्या पदाचा) प्रश्न उभा राहिला तेव्हा हेच नाते देशव्यापी चळवळीचा कणा बनले.

खिलाफत समितीचे मुख्य केंद्र मुंबईत होते. तिचे अध्यक्ष मियाँ मोहम्मद छोटानी हे लाकडाचे मोठे व्यापारी होते. पैसा मुंबईच्या व्यापाऱ्यांचा, वक्तृत्व व वृत्तपत्रे अली बंधूंची, आणि धर्माज्ञा उलेमांची, अशी ही जुळणी होती. नोव्हेंबर १९१९ मध्ये दिल्लीला भरलेल्या खिलाफत परिषदेच्या वेळीच जमियत-उलेमा-ए-हिंद या उलेमांच्या संघटनेची स्थापना झाली. माल्टाच्या बंदिवासातून सुटलेले देवबंदचे महमूद हसन जून १९२० मध्ये मुंबई बंदरात उतरले आणि ‘शेखुल हिंद’ या नावाने गौरवले गेले. त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे ५०० उलेमांच्या सह्यांनी असहकाराचा फतवा निघाला. सरकारने तो जप्त केला. १९२१ मध्ये कराचीच्या खटल्यात सैन्यातील नोकरी धर्मबाह्य ठरवणाऱ्या ठरावाबद्दल अली बंधू आणि मौलाना हुसेन अहमद मदनी यांना एकत्रच सक्तमजुरी झाली.

या काळात पदव्यांच्या सीमारेषाही पुसल्या गेल्या. मदरशात न शिकलेल्या मोहम्मद अलींना लोक ‘मौलाना’ म्हणू लागले. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये जीनांनी त्यांचा उल्लेख ‘मिस्टर’ असा केला तेव्हा सभेतून निषेधाचे आवाज उठले. जीनांनी ‘मौलाना’ हा शब्द उच्चारला नाही. राजकारणाला धर्मनेत्यांची भाषा द्यावी की नाही, हा प्रश्न त्या एका संबोधनात सामावलेला होता.

सर्व धर्मनेते या चळवळीत होते असे मात्र नाही. बरेलीचे अहमद रझा खान यांनी, खलिफा कुरेश वंशाचाच असावा लागतो या आधारावर, सुलतानाचा दावा शास्त्रतः अमान्य केला आणि हिंदूंशी केलेल्या राजकीय ऐक्यावरही टीका केली. दुसरीकडे, उलेमांना आपल्या सहकार्याचे मोल हवे होते. संपूर्ण देशासाठी एक ‘अमीर-ए-हिंद’ (मुसलमानांचा धार्मिक प्रमुख) नेमावा, या मौलाना आझादांनी पुढे आणलेल्या कल्पनेवर एकमत झाले नाही. केवळ बिहारमध्ये १९२१ साली प्रांतापुरता अमीर असलेली इमारत-ए-शरिया ही संस्था उभी राहू शकली.

मार्च १९२४ मध्ये तुर्की राष्ट्रसभेनेच खिलाफत रद्द केली. त्याआधीच समितीच्या सुमारे १६ लाख रुपयांच्या निधीचा वापर छोटानींच्या व्यवसायात झाल्याचे उघड होऊन चळवळीची पत गेली होती. अरबस्तानातील सत्ताधीश इब्न सौदने मक्का-मदिनेचा हेजाझ प्रदेश घेतल्यावर तेथील कबरी व दर्गे पाडण्याच्या प्रश्नावर अब्दुल बारी त्याच्या विरोधात गेले, अली बंधूंनी आधी त्याची बाजू घेतली, आणि पीर व मुरीद यांचे नाते दुरावले. अब्दुल बारी १९२६ च्या जानेवारीत वारले.

पुढचा टप्पा पुन्हा कायद्याचा आहे. १९३७ च्या शरियत कायद्यासाठी जमियतने आग्रह धरला होता. मुंबईच्या खोजा व कच्छी मेमन समाजांप्रमाणे अनेक ठिकाणी वारसा रूढीने ठरत असे, आणि त्यात मुलींना शरीयतीने दिलेला वाटा मिळत नसे. परंतु शेतजमीन या कायद्याबाहेर राहिली, आणि दत्तक, मृत्युपत्र यांबाबत तो जीनांच्या दुरुस्तीने ऐच्छिक झाला. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याचा मूळ विचार अशरफ अली थानवी यांचा होता. हनफी या धर्मशास्त्रीय पंथाच्या मतानुसार बेपत्ता पतीच्या पत्नीला सुटकेचा मार्ग जवळजवळ नव्हता. त्यासाठी काही स्त्रिया धर्म सोडत, म्हणून थानवींनी मालिकी या दुसऱ्या पंथाच्या मताचा आधार शोधला. विधेयक संमत झाले, पण असे खटले मुस्लिम न्यायाधीशापुढेच चालावेत ही अट त्यातून गळली. उलेमांच्या दृष्टीने तीच मुख्य होती. मला हा प्रसंग संपूर्ण विषयाची किल्ली वाटतो : शरीयतीचा आशय राजकीय नेत्यांनी स्वीकारला, तिच्या अंमलबजावणीचा अधिकार मात्र उलेमांना दिला नाही.

जमियतच्या काही नेत्यांनी १९३६-३७ च्या निवडणुकीत मुस्लिम लीगला साहाय्य केले. ते फार टिकले नाही. १९३८ मध्ये मदनींनी ‘आजकाल कौमी (राष्ट्रे) वतनावरून (मायभूमीवरून) बनतात’ अशा आशयाचे विधान केले आणि मृत्युशय्येच्या जवळ पोचलेल्या इकबालांनी त्यावर कवितेतून कठोर प्रहार केला. हा वाद कौम व मिल्लत (धर्मसमुदाय) या शब्दांच्या अर्थावर झाला, आणि त्यात मदरशातील विद्वान भूमीच्या बाजूने तर केंब्रिजला शिकलेला कवी धर्मबंधनाच्या बाजूने उभा होता.

१९४५-४६ च्या निवडणुकीत मतदानाचा हक्क मालमत्ता व शिक्षणाच्या अटींनी मर्यादित होता, तरी ग्रामीण मते मिळवण्यासाठी लीगला पीर व मौलवी आवश्यक होते. पंजाबात इंग्रजांकडून जमिनी मिळालेली अनेक पीरघराणी पूर्वी जमीनदारांच्या युनियनिस्ट पक्षासोबत होती. ती आता मोठ्या संख्येने लीगकडे आली. सरहद्द प्रांतात मांकी शरीफच्या पिराने जीनांकडून शरीयतीविषयी आश्वासन मिळवून पाठिंबा दिला. देवबंदचेच शब्बीर अहमद उस्मानी लीगच्या बाजूने उभ्या राहिलेल्या जमियत-उलेमा-ए-इस्लामचे अध्यक्ष झाले. केंद्रीय कायदेमंडळातील मुसलमानांसाठी राखीव असलेल्या तीसही जागा लीगने जिंकल्या. उस्मानी आणि मदनी हे दोघेही शेखुल हिंद महमूद हसन यांचे शिष्य होते. सप्टेंबर १९४८ मध्ये कराचीत जीनांच्या जनाज्याची नमाज उस्मानींनी पढवली; मदनी देवबंदलाच राहिले आणि १९५७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे हदीस (पैगंबरांच्या वचनांचे व आचरणाचे शास्त्र) शिकवत होते.