कर्नल अपडेटनंतर डिस्क गायब: ड्रायव्हर आलाच नाही, की येऊनही कार्ड ओळखत नाही?

लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) अपडेट करून रीबूट केलं आणि मशीन इमर्जन्सी शेलमध्ये (बूट अडल्यावर येणाऱ्या कमांड प्रॉम्प्टवर) अडकलं. रूट डिस्कचा यूयूआयडी (तिचा ओळखक्रमांक) सापडत नाही. अशा वेळी लगेच डिस्क जोडणारं कंट्रोलर कार्ड बदलायला काढू नका. ग्रब या बूटलोडरच्या मेनूतून जुना कर्नल निवडा. वितरणाची (रेड हॅट, डेबियन यांसारख्या लिनक्सची) पूर्ण आवृत्तीच बदलली असेल, तर जुन्या आवृत्तीच्या इन्स्टॉल डिस्कवरून रेस्क्यू मोड चालू करा. तिथं डिस्क दिसल्या की कार्डावरचा संशय जवळपास मिटला. आता उरतात दोन शक्यता. पडद्यावर त्या सारख्याच दिसतात, पण एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

पहिलीत ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलमध्ये चढणारी फाइल) इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या छोट्या इमेजमध्ये, नसतं. मॉड्यूल आहे डिस्कवर आणि डिस्क वाचायला तेच मॉड्यूल हवं, म्हणून तर ही छोटी इमेज आधी मेमरीत चढते. बूट विभाजन भरलेलं असलं की इमेज अर्धवट राहते किंवा बनतच नाही. ड्रॅकट (ही इमेज बनवणारं साधन) होस्ट-ओन्ली मोडमध्ये इमेज बनवताना मशीनमध्ये असलेल्याच हार्डवेअरची मॉड्यूल्स घेतं. नंतर डिस्क दुसऱ्या कार्डावर हलवली की ती इमेज कामाची राहत नाही.

दुसरीत मॉड्यूल इमेजमध्ये असतं, लोडही होतं, पण तुमच्या कार्डाचा पीसीआय आयडी (निर्माता आणि मॉडेल सांगणारा क्रमांक) त्याच्या यादीतून काढलेला असतो. ठळक उदाहरण रेड हॅट ८ चं (२०१९). त्यात एसएएस कंट्रोलर कार्डांचा एमपीटी३सास ड्रायव्हर आहे, पण एसएएस२००८ चिपचा आयडी १०००:००७२ वगळला आहे. तेच कार्ड रेड हॅट ७ वर बिनतक्रार चालतं. मूळ लिनक्स कर्नलनं हा आधार काढलेला नाही. निर्णय वितरणाचा आहे.

फरक ओळखायला इमर्जन्सी शेलमध्ये मॉड्यूल लोड करणारी ‘मॉडप्रोब एमपीटी३सास’ ही कमांड चालवा (तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर वेगळा असेल, तर त्याचं नाव). ‘मॉड्यूल सापडलं नाही’ असं आलं, तर पहिली शक्यता. काहीच न बोलता प्रॉम्प्ट परत आला आणि तरी डिस्क नाही, तर दुसरी. इथंच बरेच जण फसतात: मॉड्यूल लोड झालं म्हणजे त्यानं कार्ड ताब्यात घेतलं असं नव्हे. खात्रीसाठी पीसीआय कार्डं दाखवणाऱ्या एलएसपीसीआयला ‘-एनएनके’ देऊन आयडी बघा, मग मॉड्यूलची माहिती देणाऱ्या मॉडइन्फोला ‘-के’सोबत नव्या कर्नलची आवृत्ती देऊन ॲलियसच्या (मॉड्यूल ओळखतं त्या आयडींच्या) ओळींत तो आयडी शोधा.

पहिलीवर उपाय सोपा. आधी बूट विभाजनात जागा करा, मग जुन्या कर्नलवरून ड्रॅकटला फोर्स आणि ॲड-ड्रायव्हर्स हे पर्याय देऊन इमेज पुन्हा बनवा. नव्या कर्नलची आवृत्ती न विसरता लिहा. नाहीतर चालू असलेल्या जुन्या कर्नलचीच इमेज बनते आणि रीबूटनंतर परिस्थिती जैसे थे. डेबियनवर मॉड्यूलचं नाव इनिटरॅमएफएस-टूल्सच्या मॉड्यूल्स फाइलीत घालून अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा.

दुसरीत ड्रॅकट दहादा चालवूनही काही होत नाही. आयडी शाबूत असलेला ड्रायव्हर बाहेरून आणावा लागतो. रेड हॅट घराण्यासाठी ईएलरेपो या स्वतंत्र पॅकेज भांडाराची केमॉड (तयार ड्रायव्हर मॉड्यूलची) पॅकेजेस असतात. नव्यानं इन्स्टॉल करताना ड्रायव्हर अपडेट डिस्क लागते. पुढच्या उपआवृत्तीवर हे केमॉड चालेलच असं नाही, म्हणून त्याचं जुळणारं पॅकेज आल्याशिवाय कर्नल अपडेट करू नका. डीएनएफ (रेड हॅट घराण्याचं पॅकेज मॅनेजर) साधारण ३ कर्नल ठेवतं. चौथा आला की सर्वांत जुना जातो, तेव्हा चालणारा कर्नल यादीत आहे ना, हेही तपासा.