पार्श्वभूमी : गेमची डिस्क आणि तिच्यावरचा हक्क

नाशिकमध्ये नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घ्यायला गेलं की काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, "डिस्कवाला की डिजिटल?" डिजिटलमध्ये डिस्क घालायची खाच नसते, खेळ नेटवरून उतरवायचा. दोन्हींच्या किमतीत सुरुवातीच्या वर्षांत दहा हजारांचा फरक होता. सोनीचा प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला, तेव्हा जाहीर झालेले आकडे ४९,९९० आणि ३९,९९० होते. एप्रिल २०२४ मध्ये त्याची सडपातळ आवृत्ती आली ती ५४,९९० आणि ४४,९९० ला. भाव वाढले, फरक तेव्हाही तोच राहिला. हे दहा हजार त्या एका खाचेचे होते. त्या खाचेत काय घालतात हे सगळ्यांना माहीत आहे. ती खाच असण्या-नसण्यावरून एवढा वाद का झाला, हे मात्र नव्याने कन्सोल घेणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही.

आधी कॅसेट होती. खरं तर ती कार्ट्रिज, पण तो शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडी ऐकल्याचं आठवत नाही. नव्वदच्या दशकात मेन रोड, शालिमारच्या दुकानांतून समुराई, लिटल मास्टर अशा नावांची यंत्रं घरोघरी गेली. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या फॅमिकॉमच्या त्या नकला. कॅसेटवर '९९९९९९९ इन वन' छापलेलं आणि आत तेच वीस-बावीस खेळ नावं बदलून फिरत असायचे. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. सुपर मारिओ ब्रदर्सचा मूळ खेळ ४० किलोबाइटचा होता. सकाळी सकाळी मोबाइलवर येऊन पडणारा 'शुभ प्रभात'चा फोटोसुद्धा त्याहून जड भरतो. त्या काळाबद्दल एवढंच पुरे, कारण खेळ कुणाच्या मालकीचा हा प्रश्नच तेव्हा कुणाला पडत नव्हता. कॅसेट ज्याच्या दप्तरात, त्याची.

मग सीडी आली, आणि डीव्हीडी आली तरी तिला सीडीच म्हणायचं ठरलं. प्लेस्टेशन २ हा २००० सालचा कन्सोल. इथे त्याचा खरा भर पुढची सात-आठ वर्षं होता, आणि तोही बहुतेक 'चिप मारलेल्या' यंत्रांचा. चिप बसवली की कॉपी केलेल्या डिस्क चालत. सिडको, पंचवटी, नाशिकरोडच्या गल्ल्यांत टीव्ही मांडून तासावर खेळू देणारे पार्लर याच कॉप्यांवर उभे राहिले. कॉपीला किंमत नव्हती, म्हणून तिचा जुना बाजारही नव्हता. ओरखडा पडला की दुसरी आणायची.

तेव्हा डाउनलोड करून खेळायचं कुणाच्या मनात का आलं नाही, याचा हिशोब सोपा आहे. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या किमान २५६ केबीपीएस अशी होती. या वेगाने एक भरलेली डीव्हीडी, म्हणजे ४.७ जीबी, उतरवायला अखंड ४१ तास लागतात. अखंड हा शब्द भारनियमनाच्या त्या वर्षांत वापरणं म्हणजे थट्टाच. त्याच साली नोव्हेंबरमध्ये परदेशात हाफ-लाइफ २ हा पीसीवरचा खेळ निघाला आणि दुकानातून डबा आणला तरी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खातं उघडून तो सुरू करून घ्यावा लागेल, अशी अट त्याला होती. डिस्क हातात, पण खेळ खात्यावर. या घटनेची इथे फारशी कुणी दखल घेतली नाही. आजच्या सगळ्या व्यवस्थेचं बी मात्र तिथेच पडलेलं दिसतं.

नाशिकच्या गेमबाजाराचा भरभराटीचा काळ त्यानंतरचा, आणि तो कसा आला हे थोडं गमतीचं आहे. प्लेस्टेशन ३ च्या ब्लू-रे डिस्कची कॉपी करणं परवडत नव्हतं आणि यंत्राचं कुलूप कितीतरी वर्षं कुणाला फोडता आलं नाही. म्हणजे खेळायचं तर ओरिजिनल डिस्क घ्या. दोन-अडीच हजारांची वस्तू एकदा खेळून कपाटात ठेवणं मध्यमवर्गीय घरात शक्यच नव्हतं. त्यामुळे चोरीला आळा घालण्यासाठी आणलेल्या तंत्राने इथे पहिल्यांदाच रीतसर जुन्या डिस्कचा बाजार तयार केला. ऑनलाइन जाहिरात टाकायची, कॉलेज रोडला भेटायचं, डिस्क उजेडात तिरकी धरून ओरखडे पाहायचे, पैसे द्यायचे. काही दुकानदार एक्सचेंज करत. जुनी द्या, वर चार-पाचशे द्या, दुसरी न्या. एकच डिस्क चार-पाच घरांत फिरून पुन्हा पहिल्याच दुकानात आल्याची उदाहरणं त्या काळात खेळलेले लोक सांगतात.

नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेवर 'धारकाला' रक्कम देण्याचं वचन असतं. धारक कोण, त्याने ती कुणाकडून घेतली, हे विचारलं जात नाही. डिस्कचंही तसंच होतं. ज्याच्या हातात, त्याला खेळता येतं. पुढचा सगळा झगडा या 'धारकाला' शब्दाचा आहे.

खेळ बनवणाऱ्यांना ही फिरती डिस्क सलत होती. पाच घरांत खेळ गेला आणि पैसे एकदाच मिळाले. यावर २०१० मध्ये एका मोठ्या अमेरिकी प्रकाशकाने काढलेला तोडगा म्हणजे ऑनलाइन पास. नव्या डब्यात एकदाच वापरता येणारा कोड. जुनी डिस्क घेणाऱ्याला ऑनलाइन खेळायचं तर वेगळे १० डॉलर मोजा. लोक चिडले आणि मे २०१३ मध्ये हा प्रकार मागे घेतला गेला. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर झाला.

त्या घोषणेनंतरच्या महिनाभराबद्दल आजही एकमत नाही, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. २१ मेला कन्सोल दाखवला गेला. नियम ६ जूनला आले. कन्सोलला दर २४ तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी लावावी लागणार होती. नाही लावली तर डिस्कवरचा खेळही चालणार नाही. मित्राला खेळ द्यायचा तर तो तुमच्या यादीत किमान ३० दिवसांपासून हवा, आणि एक खेळ एकदाच देता येईल. जुना खेळ विकायचा तर ठरावीक दुकानांतच, तेही प्रकाशकाची परवानगी असेल तर. थोडक्यात, डिस्क ही फक्त खेळ घरी आणण्याची पिशवी. पिशवी तुमची, आतलं सामान खात्यावर.

याच्या बाजूनेही बोलण्यासारखं होतं. एकदा खेळ खात्यावर चढला की डिस्क न घालता कुठूनही खेळता येणार होता, आणि दहा जणांपर्यंतच्या 'कुटुंबा'ला आपला संग्रह खुला करता येणार होता. ती योजना टिकली असती तर खात्यावरचे खेळ वाटून घेण्याचे उदार नियम लवकर आले असते, असं मानणारे आजही आहेत. त्यात तथ्य असेलही. पण नाशिकमधून पाहिलं तर दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. एक, ज्या २१ देशांत हा कन्सोल सुरुवातीला चालणार होता, त्या यादीत भारत नव्हता. दुबई-सिंगापूरहून कुणा नातेवाइकाने आणून दिला असता, तर तो इथे शोभेचा डबा ठरला असता. दोन, रोजच्या हजेरीची अट ज्यांनी लिहिली, त्यांच्या घरी बहुधा कधी केबल तुटून आठवडाभर नेट बंद पडलेलं नसावं.

प्रतिस्पर्धी सोनीने १० जूनच्या सुमारास जेमतेम २२ सेकंदांची चित्रफीत काढली. आपल्या कन्सोलवर गेम मित्राला कसा द्यायचा? एक माणूस डबा दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा थँक्स म्हणतो, संपलं. १९ जूनला एक्सबॉक्सचे नियम मागे घेण्यात आले. गिऱ्हाइकांचा विजय झाला, असं तेव्हा लिहिलं गेलं आणि नाशिकच्या गेमर मंडळींतही तसंच बोललं गेलं. पुढे सप्टेंबर २०१४ मध्ये हा कन्सोल भारतात आला तो एकाच ऑनलाइन दुकानामार्फत. म्हणजे डिस्क वाचली, पण तो कन्सोल एम.जी. रोडच्या काउंटरवर आलाच नाही.

या विजयाबद्दल माझा आक्षेप आहे. २०१३ मध्ये जे नियमाने करता आलं नाही, ते पुढच्या दहा वर्षांत नियम न करता झालं. मे २०१९ मध्ये खाच नसलेला एक्सबॉक्स वन एस आला. नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एस भारतात ३४,९९० ला आला, खाचेविना. जुना खेळ विकू नका, असं कुणीच म्हटलं नाही. विकण्याजोगी वस्तूच उरली नाही, आणि गिऱ्हाइकाने ती स्वस्त पडते म्हणून आनंदाने घेतली. मधल्या काळात २०१६ च्या सप्टेंबरपासून डेटा पाण्यासारखा स्वस्त झाला, मग घरोघरी फायबर आली, आणि ४१ तासांचा तो जुना हिशोब मिनिटांवर आला. शिवाय वेळोवेळी सेल. दिवाळीत अर्ध्या किमतीत खात्यावर खेळ मिळत असेल तर पावसात कॉलेज रोडला कोण जाणार? प्लेस्टेशनवर २०२०-२१ या वर्षात विकल्या गेलेल्या पूर्ण खेळांपैकी सुमारे दोन तृतीयांश डाउनलोडने गेले होते.

राहिलेल्या डिस्कही आतून पोकळ होत गेल्या. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटीच्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर जेमतेम ७०-७२ एमबी मजकूर असल्याचं उघड झालं, म्हणजे जुन्या गाण्यांच्या सीडीच्या दहाव्या भागाइतका. बाकीचा शंभर जीबीच्या घरातला पसारा नेटवरून. मग 'फिजिकल' म्हणायचं कशाला? जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलने या गोंधळाला नवं नाव दिलं, गेम-की कार्ड. कार्ड हातात धरता येतं, विकता येतं, उसनं देता येतं, पण त्यात खेळ नसतो. कार्ड घातलं की खेळ उतरवून घ्यायचा, आणि नंतर दर वेळी खेळतानाही ते आत हवंच. किल्ली तुमची, खोली त्यांची. ही कंपनी भारतात अधिकृतपणे विक्रीच करत नाही, तरी आयात होऊन येणाऱ्या डब्यांवरची ती बारीक पट्टी वाचूनच घ्यावी, एवढं इथल्या गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

डिस्क असून हक्क नसणं म्हणजे काय, ते २०२४ मध्ये दिसलं. २०१४ साली निघालेला द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ ३१ मार्चला बंद झाला. सर्व्हर काढले, आणि नंतर लोकांच्या खात्यांवरचे परवानेही काढून घेतले. एकट्याने खेळायलाही त्याला सर्व्हर लागत असल्याने ज्यांच्याकडे डिस्क होती, त्यांच्या हाती चकचकीत प्लास्टिक उरलं. त्याच सप्टेंबरात कॅलिफोर्नियाने कायदा केला. नुसता परवाना देत असाल तर 'विकत घ्या' असं लिहू नका, लिहिलंत तर परवान्याची गोष्ट स्पष्ट सांगा. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. स्टीमने तशी ओळ त्याआधीच टाकली होती.

आपल्याकडचा कायदा याबाबत तिरपागडा आहे. डिस्कवरचं तयार सॉफ्टवेअर ही 'वस्तू'च आहे आणि तिच्यावर विक्रीकर लागतो, असं देशाच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने २००४ मध्येच म्हटलं. म्हणजे कर घेताना वस्तू. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पुस्तक आणि संगणकप्रणाली यांना वेगळी वागणूक आहे. पुस्तकाच्या एकदा विकल्या गेलेल्या प्रतीवर लेखक-प्रकाशकाचा हात पोहोचत नाही, म्हणून नाशिकचं १८४० सालचं वाचनालय निर्धास्त पुस्तकं देतं. संगणकप्रणालीची प्रत धंदा म्हणून भाड्याने देण्याचा हक्क मात्र १९९९ च्या दुरुस्तीनुसार हक्कधारकाकडेच आहे. गेमला प्रणाली मानलं, तर ओरिजिनल डिस्क भाड्याने देणारी ती जुनी दुकानंसुद्धा पातळ बर्फावर उभी होती. सुदैवाने तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता बाजारात नवा शब्द आहे, शेअरिंग. दोन मित्र मिळून खात्यावर एक खेळ घेतात. एकाच्या कन्सोलवर ते खातं प्रायमरी, म्हणजे मुख्य, दुसरा सेकंडरी. अर्धे अर्धे पैसे. काही जण अशी अख्खी खातीच विकतात आणि जाहिरातीत 'प्रायमरी'चा भाव जास्त लावतात, कारण नेट नसतानाही त्याच्यावर खेळ चालतो. खातं विकणं कंपन्यांच्या अटींत बसत नाही. विकणाऱ्याने महिनाभराने पासवर्ड बदलला तर दाद कुठे मागणार? डिस्कच्या बाजारात निदान ओरखडे तरी दिसायचे.

उरला काउंटरवरचा प्रश्न. प्लेस्टेशन ५ चा मोठा नवा खेळ साधारण पाच हजारांना मिळतो. समजा डिस्क घेतली आणि खेळून झाल्यावर तीन हजारांना काढली, तर प्रत्येक खेळामागे तीन हजार परत येतात, आणि चौथ्या डिस्कला खाचेचे ते दहा हजार वसूल होतात. चांगला माल लवकर खपतो, म्हणून खेळ संपवायची घाई करावी लागते, हा त्यातला तोटा. शिवाय हवा तो खेळ डिस्कवर निघायला हवा. ॲलन वेक २ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तो फक्त डाउनलोडवर, डिस्कसाठी वर्षभर थांबावं लागलं. सडपातळ प्लेस्टेशनची खाच आता सुटी करता येते, पण जोडल्यावर ती ओळखीची करून घ्यायला कन्सोलला एकदा नेट लागतंच. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये परदेशात निघालेल्या प्रो कन्सोलमध्ये ती मुळातच नाही, हवी असेल तर वेगळे पैसे द्या. तो कन्सोल तेव्हा भारतात आला नाही. त्याचं कारण डिस्क नव्हतं, वायफायच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला इथे तेव्हा परवानगी नसणं हे होतं.