त्वचेच्या कॅन्सरमधले आयएचसी मार्कर आणि त्यांचे चकवे

आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. बायोप्सीच्या पातळ कापावर ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात, ते प्रथिन असेल तिथे रंग उमटतो, बहुतेक वेळा डीएबी या रसायनाचा तपकिरी. अशा ओळख पटवणाऱ्या प्रथिनांना मार्कर म्हणतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या एच अँड ई रंगाच्या स्लाइडवरून गाठ कुठल्या पेशींची हे ठरेना की पॅथॉलॉजिस्ट हे मार्कर मागवतात. गोची अशी की फक्त एकाच कॅन्सरचा म्हणावा असा मार्कर जवळपास नाहीच, त्यामुळे रिपोर्टमध्ये नुसतं "पॉझिटिव्ह" वाचून घाबरण्यात काही अर्थ नसतो.

मेलानोमाचंच घ्या, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. एस-१०० बहुतेक सगळ्या मेलानोमांत पॉझिटिव्ह येतो, पण तो मज्जातंतूंच्या गाठींत, त्वचेतल्या लँगरहान्स या रोगप्रतिकारक पेशींत आणि चरबीतही येतो. एचएमबी-४५ आणि मेलन-ए जास्त नेमके म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवावी, तर डेस्मोप्लास्टिक मेलानोमात, जो मायक्रोस्कोपखाली चक्क जुन्या व्रणासारखा दिसतो, ते दोन्ही बहुधा निगेटिव्ह! तिथे एस-१०० आणि सॉक्स-१० हेच कामाला येतात. आता गंमत पुढे आहे, ऑपरेशननंतर त्याच जागेची त्वचा पुन्हा काढली तर खऱ्याखुऱ्या व्रणातही एस-१०० च्या, कधी सॉक्स-१० च्यासुद्धा, एकट्यादुकट्या पेशी सापडतात आणि त्यांनाच उरलेला कॅन्सर समजलं जाऊ शकतं. २०१८ पासून गाजत असलेला प्रेमही (हे मार्करचं नाव आहे) डेस्मोप्लास्टिकमध्ये बरेचदा दगा देतो, आणि काही साध्या तिळांत पॉझिटिव्हही येतो.

गडद रंगाच्या गाठीत, उदाहरणार्थ आपल्याकडे तळपायावर आढळणाऱ्या मेलानोमात, मेलॅनिन मुळातच तपकिरी, त्यामुळे स्टेन (चाचणीचा रंग) कुठला आणि रंगद्रव्य कुठलं तेच कळत नाही. अशा वेळी लाल क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) वापरायचा किंवा मेलॅनिन ब्लीच करून घ्यायचं, उगाच डोळे ताणत बसू नये.

मर्केल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या दुर्मीळ कॅन्सरमध्ये सीके-२० हा मार्कर केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखा उठतो आणि टीटीएफ-१ सहसा निगेटिव्ह असतो, त्यावरून तो फुफ्फुसातून आलेल्या स्मॉल सेल कॅन्सरपासून वेगळा काढतात. पण टीडीटी आणि पॅक्स-५ हे लिम्फोमात (लिम्फ पेशींच्या कॅन्सरमध्ये) बघायचे मार्कर यातही पॉझिटिव्ह येऊ शकतात, म्हणजे सीके-२० न लावता फक्त लिम्फोमाचं पॅनेल लावलं तर रिपोर्ट लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाचा जायचा. बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये बेर-ईपी-४ पॉझिटिव्ह येतो खरा, पण ट्रायकोएपिथेलिओमा या केसांच्या मुळाच्या निरुपद्रवी गाठीतही येतो. एटिपिकल फायब्रोझँथोमा या त्वचेच्या आणखी एका गाठीला तर स्वतःचा मार्करच नाही, बाकीचे सगळे वगळून तिथे पोचावं लागतं, आणि त्यात सीडी-१० पॉझिटिव्ह आल्याने काहीच सिद्ध होत नाही.

निगेटिव्हवरही लगेच विश्वास ठेवायचा नाही. त्याच स्लाइडवरच्या छोट्या मज्जातंतूनेसुद्धा एस-१०० घेतला नसेल तर दोष गाठीचा नाही, स्टेनिंगचा आहे, ते पुन्हा करून घ्यावं.