घाट उतरताना ओरडणारं इंजिन

कसारा घाट निम्मा उतरलो असू, आणि काकांनी कान टवकारले. नाशिकहून मुंबईला निघालो होतो. गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेली; घेऊन महिनाही झाला नव्हता. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, उतार चांगलाच, तरी इंजिन असं गुरगुरायला लागलं की कुणी रेस दाबून धरलीय. "उतारावर पेट्रोल पितेय रे ही!" काका चाळीस वर्षं गाडी चालवतात, टायरमधली हवा कमी झालेली त्यांना आवाजावरून कळते. आवाज त्यांनी बरोबर ऐकला होता. फक्त त्या क्षणी इंजिनात पेट्रोलचा थेंबही जात नव्हता.

साध्या गाडीत इंजिन आणि चाकं गिअरमधून एकमेकांना बांधलेली असतात. आवाज चढला म्हणजे एकतर वेग वाढतोय किंवा चढ लागलाय, हे आपल्या कानाला पाठ झालेलं असतं. हायब्रिडमध्ये ती गाठच सोडवलेली असते. टोयोटाने १९९७ साली जपानमध्ये प्रियस आणली, तिच्या पोटात एक जुनंच यंत्र नव्या कामाला लावलं होतं: मध्ये एक दातेरी चाक, त्याला म्हणायचं सूर्य, भोवती फिरणारी छोटी चाकं, ते ग्रह, आणि सगळ्यांना वेढणारं आतून दातेरी कडं. ग्रहांच्या चौकटीला इंजिन जोडलेलं, सूर्याला छोटी मोटर, आणि कड्याच्या बाजूला मोठी मोटर व गाडीची चाकं. आपल्याकडच्या ग्रँड विटारा, हायरायडर, हायक्रॉस या हायब्रिड गाड्यांतही हीच कल्पना आहे.

यातली गंमत अशी की तिघांपैकी दोघांचा वेग ठरला की तिसऱ्याचा आपोआप ठरतो. गाडी मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभी आहे, म्हणजे कडं स्थिर. इंजिन सुरू झालं तर त्याची सगळी फिरकी सूर्याकडे जाते, छोटी मोटर जनित्र होते आणि बॅटरी भरते. गाडी गंगापूर रोडवर चाळीसने चाललीय आणि इंजिन बंद आहे, तर छोटी मोटर उलटी फिरत राहते. क्लच नाही, पहिला-दुसरा गिअर नाही. इंजिनाने किती फिरायचं हे संगणक ठरवतो, आणि ठरवताना तो चाकांइतकाच बॅटरीचाही विचार करतो. म्हणून उभी गाडी मध्येच घुर्रर करते आणि धावती गाडी चिडीचूप होते.

आता घाटाकडे येऊ. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत रस्ता सुमारे तीनशे मीटर खाली उतरतो. माणसांसकट सोळाशे किलोची गाडी तेवढी खाली आली तर साधारण १.३ युनिट ऊर्जा मोकळी होते. दोन किलोवॉटचा गिझर चाळीस मिनिटं चालेल एवढी. त्यातली बरीचशी टायर आणि वारा खातात, उरलेली ब्रेकने उष्णता करून उडवायची किंवा मोटरला जनित्र बनवून साठवायची. पण साठवणार कुठे? या आकाराच्या हायब्रिडची बॅटरी सगळी मिळून पाऊण युनिटाची. तीही काठोकाठ भरायची नाही आणि तळाला न्यायची नाही, नाहीतर तिचं आयुष्य घटतं; संगणक तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्ये खेळवतो. म्हणजे घाटाच्या तोंडाशी ती अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली असेल तर जागा उरली पाव युनिटाचीसुद्धा नाही. निम्म्या घाटातच हंडा भरतो.

पुढे मोठी मोटर वीज करतच राहते आणि छोटी मोटर ती वीज इंजिन नुसतं गरगर फिरवण्यात उडवते. इंजिन तेव्हा हवेचा पंप असतं, पेट्रोल बंद. त्याचा विरोध गाडीला मागे ओढतो आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका टळतो. काकांनी ऐकलं ते हे.

रेल्वेला ही अडचण येत नाही. त्याच घाटात शेजारून उतरणारी आजची विजेची इंजिनंही मोटरचं जनित्र करतात, पण त्यांची वीज तारेत परत जाते आणि दुसरी एखादी गाडी ती वापरते. चढताना कसाऱ्याला बँकर, म्हणजे गाडीला जोर द्यायला जादा इंजिन लावतात, तसं काम हायब्रिडमध्ये मोटर करते: जोर लागेल तेव्हाच ढकलायचं, एरवी गप्प.

या मदतनिसाच्या भरवशावर इंजिनही वेगळ्या जातीचं ठेवता येतं. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८०च्या दशकात अशी इंजिनं केली, ज्यांत वायू दाबला जातो त्यापेक्षा जास्त फुगू दिला जातो. आज तेच काम झडप उशिरा बंद करून साधतात: दाबायला सुरुवात झाली तरी थोडं मिश्रण मागे जाऊ द्यायचं. एरवी धुराड्यातून फुकट जाणारा जोर पिस्टनला मिळतो. अशी चांगली इंजिनं पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ४० टक्क्यांच्या आसपास उपयोग करतात. किंमत एवढीच, की कमी फेऱ्यांवर पिकअप मरगळलेला. तो मोटर भरून काढते.

मोडची बटणं मात्र लोक उगाच मनावर घेतात. इको आणि पॉवरने इंजिन बदलत नाही. पायाच्या हालचालीला गाडी किती उत्साहाने प्रतिसाद देते ते बदलतं, आणि इकोमध्ये एसी जरा हात आखडतो. पाय तळाला टेकवलात तर दोन्हीकडे ताकद तीच. ईव्हीचं, म्हणजे फक्त विजेवर चालण्याचं बटण हा हुकूम नव्हे, विनंती: बॅटरी कमी असली, वेग वाढला किंवा पाय जोरात पडला की इंजिन सुरू होणारच. आणि गिअरच्या दांड्याजवळचा 'B' म्हणजे 'जास्त बॅटरी भरा' नव्हे. इंजिनाचा तो विरोध लवकर आणि जास्त मागणं, एवढंच. कसारा, नांदुरी असे घाट उतरताना वापरावं; कॉलेज रोडवर त्याने ॲव्हरेज घटेल, कारण साठवता आली असती ती ऊर्जा इंजिन फिरवण्यात जाते.

शहरात तर ही ऊर्जा मोलाची. ताशी पन्नासने जाणारी गाडी थांबवताना जेवढी ऊर्जा काढून घ्यावी लागते, तेवढ्यात तीच गाडी तीन मजले वर उचलली जाईल. साध्या गाडीत प्रत्येक लाल दिव्याला हे तीन मजले ब्रेकच्या चकत्यांवर जळतात. म्हणून हायब्रिडचं ॲव्हरेज गर्दीतही टिकतं. हळूहळू, लांबून ब्रेक लावलात तर मोटर बहुतेक काम करते. कचकन दाबलात तर चकत्याच.

डिसेंबरातल्या सकाळी फाटकातून निघण्याआधीच इंजिन सुरू होतं, बॅटरी भरलेली असली तरी. सायलेन्सरच्या वाटेवरचं धूर शुद्ध करणारं उपकरण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, त्यासाठी ही धडपड. मिनिटभराने आवाज थांबतो.

काकांची एक सवय अजून जायची आहे. द्वारका चौकात गाड्या अडल्या की त्यांचा हात न्यूट्रलकडे जातो, चाळीस वर्षांचं वळण. हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी भरणं बंद होतं. इंजिन चालू असलं तरी नाही, आणि एसी मात्र बॅटरीवर ताव मारत राहतो. काकू शेजारी बसलेल्या असल्या की तो हात वाटेतच अडवला जातो.