लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन रोजच्या वापराचं कसं झालं

आज व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) उभं करतानाच ते पाच-सात वर्षं वापरायचं असं आपण धरून चालतो. लॅपटॉप बदलला तर डिस्कची फाइल उचलून नव्यावर न्यायची आणि काम पुढे सुरू. हा भरवसा यायला बराच काळ लागला.

कल्पना जुनीच. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर केलं, ते मेनफ्रेमसाठी. पीसीवर मात्र घोडं पेंड खात होतं ते प्रोसेसरपाशी. ‘पॉपएफ’ ही एकच सूचना घ्या. गेस्टचं, म्हणजे आतल्या मशीनचं, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिच्यातून इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मध्येच थांबवणारे इशारे, बंद करू पाहतं. अधिकार नसेल तर प्रोसेसरने तिथेच अडवून होस्टला, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनला, कळवायला हवं. पीसीतला एक्स८६ प्रोसेसर तसं करत नसे, ती मागणी गुपचूप सोडून देई. गेस्टला वाटे इंटरप्ट बंद झाले, प्रत्यक्षात ते चालूच! १९९९ च्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनने अशा सूचना चालता चालता बदलायची युक्ती काढली. २००३ मध्ये आलेल्या झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने गेस्टचं कर्नलच बदललं, म्हणजे ते बदल पुढे सांभाळत बसणं आलं.

२००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअल मशीनची सोय केली. तिच्या आधारावर क्युमरानेट कंपनीत अवी किविटी यांनी केव्हीएम हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) लिहिलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ते २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्स कर्नलचा भाग झालं. माझ्या मते दीर्घकाळ वापराचा खरा पाया हाच. होस्टचं कर्नल अपडेट झालं की बाहेरचं मॉड्यूल पुन्हा बांधायचं, ही कटकट संपली.

वेगाचा प्रश्न उरला होता. गेस्टला जुन्या नेटवर्क कार्डाची हुबेहूब नक्कल दाखवली जाई आणि त्या कार्डाच्या रजिस्टरला हात लावला की गेस्ट थांबून काम होस्टकडे जाई. रस्टी रसेल यांच्या व्हर्टआयओने, म्हणजे गेस्ट आणि होस्टमधल्या थेट जोडणीच्या पद्धतीने, हे सोंग सोडलं. सामायिक मेमरीत मागण्यांची रांग लावायची आणि त्या गठ्ठ्याने पाठवायच्या.

डिस्कचं दुखणं सगळ्यांत उशिरा बरं झालं. गेस्टमध्ये फाइली पुसल्या तरी बाहेर होस्टवर गेस्टची डिस्क जिच्यात साठते ती क्यूकाऊ२ फाइल फुगलेलीच राही. मीही पूर्वी रिकामी जागा शून्यांनी भरून, मशीन बंद करून, अख्खी डिस्क नव्याने उतरवून घेत असे, त्यात रात्र जाई. व्हर्टआयओच्या साध्या ब्लॉक डिस्कला डिस्कार्डची, म्हणजे मोकळी झालेली जागा होस्टला कळवण्याची, सोय मिळाली २०१९ मध्ये. आता मशीन उभं करताना मी आधी तो पर्याय चालू करतो. आठवड्यातून एकदा गेस्टमध्ये एफएसट्रिम ही आज्ञा चालते आणि मोकळी झालेली जागा होस्टला परत मिळते, तीही मशीन चालू असताना.