३.२ चे १.१ का होते?

बडोद्यात दांडिया बाजारात राहून मी अनेकांचे प्रबंध जुळवून दिले. दर वेळी तोच प्रकार. पाच प्रकरणे वर्डच्या पाच फायलींत, बहुधा पाच संगणकांवर टाइप केलेली. ती एकत्र केली की तिसऱ्या प्रकरणातला ३.२ हा मथळा १.१ होऊन बसतो आणि अनुक्रमणिकाही तसेच दाखवते. मग विद्यार्थी हाताने आकडे टाकतो, तिथून दुखणे वाढते.

टाइपरायटरवर आकडा हा मजकुराचाच भाग होता. एक मुद्दा मध्ये घातला की पुढचे सगळे आकडे पुन्हा टाइप करायचे. ३.२.१ अशा टिंबांच्या पद्धतीला आयएसओ २१४५ हे आंतरराष्ट्रीय मानक मिळाले. मायक्रोसॉफ्टचे वर्ड १९८३ साली आले. पुढे स्टाइल (मजकुराच्या रूपाचा नाव दिलेला साचा, जसे 'हेडिंग १') आणि आकडे यांची जोडी जमली, तेव्हा आकडा मजकुरातून बाहेर पडला. खरा बदल इथेच झाला, आणि आजचा गोंधळही इथूनच येतो.

वर्ड ९७ पासून आकड्यांची व्याख्या, म्हणजेच 'यादी', फाइलमध्ये वेगळी साठवली जाते, नऊ पातळ्यांची. वर्ड २००७ च्या .docx फाइलमध्ये तर त्यासाठी 'नंबरिंग' नावाचा स्वतंत्र भागच आहे. मथळ्याजवळ असते फक्त 'अमुक यादी, तमुक पातळी' एवढी खूण. दुसऱ्या फाइलमधून मजकूर चिकटवला की त्याच्यासोबत त्याची यादीही येते. एकाच फाइलमध्ये दोन-तीन याद्या नांदू लागतात आणि प्रत्येक यादी आपापली मोजणी एकपासून सुरू करतो. दिसायला मथळे सारखेच, म्हणून डोळ्यांना काही कळत नाही.

त्यामुळे आकडा खोडून लिहिणे हा उपाय नव्हेच. हाताने टाकलेले आकडे आधी काढून टाकावेत. मग 'हेडिंग १' मधल्या एखाद्या मथळ्यात कर्सर ठेवून बहुस्तरीय यादीची नवी व्याख्या उघडावी आणि पहिली पातळी हेडिंग १ ला, दुसरी हेडिंग २ ला, अशी क्रमाने जोडावी. पुढची प्रकरणे 'फक्त मजकूर' म्हणून चिकटवावीत आणि स्टाइल इथेच लावावी. तिरपी अक्षरे आणि तळटीपा यात जातात, त्या पुन्हा घालाव्या लागतात; तरी प्रबंध बांधणीला जायच्या आदल्या रात्री आकडे शोधत बसण्यापेक्षा हे काम मला केव्हाही परवडते.